काल ऐकली, आज बघते

आमच्या घरी रात्री आठची मालिका ऐकायची असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा तोच भाग पुन्हा लागतो, तेव्हा बघायची असते. रात्री आठला आई स्वयंपाकघरात असते. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीची चरचर आणि ओट्यावरची आवराआवर यांतून बाहेरच्या खोलीतले संवाद तेवढे तिच्या कानावर पडतात. दुपारी बाबांची झोप असते, म्हणून ती टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करते आणि कालचाच भाग नुसता डोळ्यांनी पाहते. आवाजाशिवाय तुला त्यातले काय कळते, असे मी एकदा तिला विचारले, तेव्हा मटार सोलता सोलता ती म्हणाली, "काल ऐकली ना, आज बघते." त्या वेळी मला हे उत्तर गमतीचे वाटले होते. मालिकांतल्या अभिनयाचे परीक्षण करण्याची याहून चोख रीत नसावी, असे माझे हल्ली मत होत चालले आहे.

मालिकेतला हळवा प्रसंग एकट्या नटाचा कधीच नसतो. सून घर सोडून निघाली की आधी बासरी सुरू होते, मग कोणीतरी आलाप घेतो, कॅमेरा एकाच चेहऱ्यावर तीन वेळा झेपावतो, आणि दिवाणखान्यात अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या नऊ-दहा नातेवाइकांचे चेहरे एकामागून एक दाखवून होईपर्यंत सून उंबरठ्यापाशीच थांबलेली असते. या सगळ्यामुळे आपला गळा दाटून येतो आणि त्याचे श्रेय आपण सवयीने त्या अभिनेत्रीच्या पदरात टाकतो. आवाज बंद केला की बासरी जाते, आलाप जातो आणि उरलेले उघडे पडते. रात्री ज्यांनी रडवले त्यांपैकी काही चेहरे दुपारी अगदीच रिकामे दिसतात. भुवया वर जातात, ओठ थरथरतात, गालावरून पाणीही ओघळते, पण ते पन्हळीतून गळणाऱ्या पाण्यासारखे असते, घरात राहणाऱ्याला त्याचे काहीच नसते.

उलट रात्रीच्या बैठकीत चेहऱ्याचा आधार नसतो आणि सगळा निकाल गळ्यावर लागतो. आईचा सर्वांत कडक शेरा "ही नाकातून रडते" हा आहे. तिचे म्हणणे असे की खरोखर रडू आलेल्या बाईला आधी वाक्य पुरे करायचे असते. शेवटच्या दोन शब्दांपर्यंत ती कशीबशी पोचते आणि तिथे आवाज तिला सोडून जातो. मालिकेतल्या पुष्कळ जणी मात्र वाक्याच्या पहिल्याच शब्दाला हुंदका लावतात आणि त्यानंतर दीड मिनिटाचे, सर्व विभक्तिप्रत्ययांसह शुद्ध असे भाषण न अडखळता म्हणून दाखवतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटण्याच्या खुणा, आठ सांगितल्या आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन एकाग्र झाल्याखेरीज त्या उमटत नाहीत, असे तो म्हणतो. आणि दुःख हे रडण्याच्या रूपाचे असते, तर जो दुःखी नाही त्याने ते दाखवावे कसे, हा प्रश्नही त्यानेच सातव्या अध्यायात विचारून ठेवला आहे. त्याच्या काळी डोळ्यांत पाणी आणणारे ग्लिसरीन नव्हते. आजच्या सेटवर या आठांची काय गत होते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. स्वेद म्हणजे घाम; तो तर मेकअपदादाच टिश्यूने टिपून घेतात, कारण दिव्यांखाली चेहरा चमकतो. वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे; तो मेकअपच्या थराखाली उडाला काय आणि राहिला काय, प्रेक्षकाला सारखेच. (मध्यरात्री झोपेतून दचकून उठलेल्या नायिकेच्या ओठांवरची लाली पाहता मालिकेत कशानेच कोणाचा रंग उडत नसावा.) रोमांच कॅमेऱ्याला दिसत नाही. वेपथु म्हणजे कंप; तो हातापायांत असतो आणि क्लोजअपची चौकट खांद्याखाली उतरत नाही. स्तंभ म्हणजे थिजून जाणे; तो दिग्दर्शक आणि संकलक यांनी आपसांत वाटून घेतला आहे. प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. तो मात्र मुबलक असतो, बहुधा आठवड्याच्या शेवटच्या भागात, आणि कोसळणाऱ्याला झेलण्यासाठी कोणीतरी नेमके मागे उभे असते. राहता राहिले स्वरभेद, म्हणजे आवाज फुटणे, आणि अश्रू. त्यांपैकी अश्रू मी परीक्षणातून वगळून टाकले आहेत, आणि त्याचे कारण घरचेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात स्वगत स्पर्धा झाली होती आणि लिहिता-वाचता माणूस म्हणून परीक्षकाच्या खुर्चीवर मला बसवले होते. एका मुलीने वडिलांच्या निधनाचे स्वगत सादर केले. तिच्या डोळ्यांतून खरोखरीचे, विनाग्लिसरीन पाणी घळाघळा वाहिले, मंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि मी पहिला क्रमांक लिहून मोकळा झालो. तिच्या आधी पन्नाशीच्या एका बाईंनी परगावी निघालेल्या मुलाला निरोप देणारी आई केली होती. त्यांच्या हातात स्टीलचा एक डबा होता. त्या बोलत होत्या सगळे रेल्वेच्या वेळेबद्दल आणि स्वेटरबद्दल, आणि बोलताना डब्याचे झाकण दाबून बसवत होत्या. बसलेले झाकण पुन्हा उघडत होत्या, आत बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या. त्या रडल्या नाहीत. मी त्यांना उत्तेजनार्थ दिले. घरी येताना आई जिन्यातच म्हणाली, "अरे, त्या मुलीने रडून दाखवलं. ह्या बाईंनी पोरगा दाखवला की रे, आणि तो तर स्टेजवर नव्हतासुद्धा." त्यानंतर मला परीक्षक म्हणून कोणी बोलावले नाही, आणि ते योग्यच झाले.

तरीही मालिकांतल्या नटांना नावे ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते. नाटकात दुःखाला चढण असते. पहिल्या अंकापासून नट ते जमवत येतो. मालिकेच्या सेटवर प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत, संहिता कित्येकदा त्याच दिवशी सकाळी हातात पडते, आणि बारा-बारा तासांच्या पाळीत सकाळी मुलाच्या अपघाताची बातमी ऐकून कोसळलेली अभिनेत्री दुपारी नऊवारी नेसून मंगळागौर खेळते आणि संध्याकाळी पुन्हा त्याच अपघाताच्या उरलेल्या अश्रूंकडे वळते. तेही आधीच्या शॉटमध्ये कोणत्या गालावर होते, हे लक्षात ठेवून. ग्लिसरीन लावले म्हणून तिला खोटी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाणी बाटलीतले असले तरी ते आल्यावर चेहरा काय करतो, हे तिचे स्वतःचे असते.

रोहिणी हट्टंगडी यांचे उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या अभिनेत्रीने 1982 सालच्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकारल्या, त्यासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि 2001 पासून अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनीच 'चार दिवस सासूचे' या मालिकेत आशालता देशमुख केली. मालिकेचे 3 हजारांहून अधिक भाग झाले. कस्तुरबांचे तारुण्य ते वार्धक्य तीनेक तासांत बसले. आशालताबाईंना मात्र प्रेक्षकांच्या घरातली मुले शाळेत जाऊन कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत रोज संध्याकाळी उभे राहावे लागले, आणि त्या अवधीत कथानकाने किती वळणे घेतली याची मोजदाद मालिकेच्या लेखकांनाही करता येईल की नाही, शंकाच आहे. या दोन कामांना एकाच तागडीत घालता येत नाही. दुसऱ्यासाठी आपल्याकडे मापच नाही. दर वर्षीच्या पुरस्कार सोहळ्यांत सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून असे विभाग असतात, प्रेक्षक मते देतात, आणि बक्षीस नात्याला मिळते. गुणी सुनेचे बक्षीस गुणी सुनेला जाते. ती गुणी नटी आहे का, हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणी काढत नाही.

पात्र आवडले म्हणजे अभिनय चांगला, ही चूक फार जुनी आहे. 1999 मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी आणि वीस वर्षांनी स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या 'आई कुठे काय करते'मधली मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती, या दोघींच्या वाट्याला नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याचे दुःख आले आणि दोघींनाही घराघरांतून आसवांची साथ मिळाली. पण त्या साथीत अरुंधतीवर झालेला अन्याय किती आणि प्रभुलकरांचे काम किती, हे वेगळे काढायला आईची दुपारच लागते. आवाज बंद असताना त्यांचे काम मला जास्त आवडले. दुसरा कोणी बोलत असताना त्या ऐकताना दिसतात. ऐकलेले आत कुठे लागले हे चेहऱ्यावर यायला एक क्षण जातो, आणि तो क्षण जाऊ देण्याची हिंमत त्यांच्यापाशी आहे. नवऱ्याचे, अनिरुद्धचे काम करणाऱ्या मिलिंद गवळी यांच्याबद्दल तर माझे मत आणखी वरचे आहे. त्यांनी खलनायक केलाच नाही. आपल्यावरच अन्याय झाला आहे अशी मनापासून खात्री असलेला माणूस केला. आमच्या शेजारच्या काकू टीव्हीकडे हात करून त्याला अद्वातद्वा बोलत असत, त्या बहुधा त्याच्या त्या खात्रीलाच बोलत असाव्यात.

मागच्या आठवड्यात दुपारी मी घरी होतो. एका मालिकेत मृत्युपत्राचे वाचन चालले होते आणि नेहमीप्रमाणे सगळे कुटुंब अर्धवर्तुळात उभे होते. थोरली सून रडत होती, धाकटी मनातल्या मनात कट करत असल्याचे तिच्या डाव्या भुवईवरून कळत होते. आईने सोललेला मटार वाटीत टाकला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे चहाचा ट्रे घेऊन घरातली कामवाली मावशी उभी होती. तिला त्या प्रसंगात एकही वाक्य नव्हते आणि कॅमेराही तिच्यासाठी थांबला नव्हता. ट्रे ठेवायला पुढे व्हावे की वाचन संपेपर्यंत थांबावे, या पेचात तिने अर्धे पाऊल टाकले आणि मागे घेतले, आणि मालकांचे नाव वाचले गेले असावे अशा जागी तिने ट्रेमधल्या कपांकडे खाली पाहिले.

"हिचं नाव काय रे?" आईने विचारले. मला ठाऊक नव्हते. शेवटी नावे येतील, तेव्हा वाचून सांगतो, असे मी कबूल केले. भाग संपला. बारीक अक्षरांतली नावे पडद्याच्या एका बाजूने भराभर वर सरकू लागली, उरलेल्या जागेत उद्याच्या भागाची झलक सुरू झाली, मी चष्मा घालून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलो, आणि नायक-नायिका, सासरे, दीर, वकील इथपर्यंत वाचून होते न होते तोच साबणाची जाहिरात लागली. आई म्हणाली, "उद्या बघू. उद्या आधीपासूनच जवळ बस."