तुम्ही विचारलंत म्हणून: कुकरच का?

"नागपूरची असून चिकनभात कुकरमध्ये?" शेजारणींनी विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं, भाचेसुनांचंही विचारून झालं. विचारण्यात उत्सुकता कमी, हळहळ जास्त.

आजवर मी एकच उत्तर देत आले: वेळ. सीताबर्डीवरून घरी पोचायला सात वाजतात आणि पोरं आठाला ताटं वाजवायला लागतात. पण एकदा घड्याळ लावून पाहिलं. तांदूळ आणि दही-आलं-लसूण लावलेलं चिकन अर्धा तास मुरणार, कांदा लाल व्हायला पंधरा मिनिटं, वर शिटी आणि वाफ जिरणं. तास सहज जातो. रस्सा-भात वेगळा केला तरी फार तर वीस मिनिटं जास्त. म्हणजे वेळ हे निम्मं उत्तर झालं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात भंडाऱ्याहून नणंद-नंदोई जेवायला येणार होते. दुपारी चारपासून मी ओट्याशी. खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल भाजलं आणि मिक्सर असून पाट्यावर वाटलं, कारण सासूबाईंचं वाटण पाट्यावरचंच असायचं. बाहेर ४५ डिग्री, गॅसपाशी विचारू नका. साडेसातला वर लाल तर्री आली. मला वाटलं, जमलं.

सासूबाई आल्या. गंजावरचं झाकण काढलं, पळीतला थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, चाटला. बोलल्या काहीच नाहीत. दुसरा गंज चढवला, तेल तापवलं, त्यात स्वतःच्या डब्यातला मसाला टाकला आणि माझा सगळा रस्सा त्यावर ओतला. चर्रर्र. मी मागे सांबार निवडत उभी. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुणेकरांनी इडली शोधू नये.) जेवताना नणंद म्हणाली, "आईच्या हातचं ते आईच्या हातचं." सासूबाई "हिनं केलंय" म्हणाल्या नाहीत आणि "मी केलंय" असंही म्हणाल्या नाहीत. मी भात वाढत राहिले.

चव सुधारली होती का? हो. तेच तर दुखलं.

पुढच्या रविवारी मी सगळं एकत्र कुकरात घातलं. शिटी व्हायची होती. त्या आल्या, हात सवयीनं झाकणाकडे गेला. आतून बसणारं झाकण, दाब असताना हलत नाही.

"काऊन वं, उघडत नाही हे?"

"नाही उघडत, आई. वाफ आहे."

थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बाहेर गेल्या. त्या घरात माझी बाजू घेणारं ते पहिलं झाकण.

तेव्हाची मी हा किस्सा मैत्रिणींना विजयाचा म्हणून सांगायची. आता मुलीनं केलेल्या चहात मी न विचारता साखर घालते, आणि ती माझ्याकडे बघते ते मला कळतं. तरी सासूबाईंनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, यावर मी ठाम आहे. बहुतेक.

भात मात्र फुकटात जमला नाही. पहिल्या वर्षी तळाला चिकटलेला मसाला खरवडायचं कळत नव्हतं. तो करपला की अख्खा भात कडवट. एकदा कुकर गळ्यापर्यंत भरला, फेसानं शिटीचं भोक बुजलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. पिवळी शितं छतापर्यंत. आता तांदूळ असला की कुकर निम्म्याच्या वर भरत नाही. दोन वाट्या तांदळाला पावणेतीन वाट्या पाणी, कारण चिकन स्वतःचं पाणी सोडतं. पाणी उकळतं घालायचं, उलथन्यानं तळ मोकळा करायचा, एक शिटी, पाच मिनिटं मंद, मग हात लावायचा नाही. आत पाणी १२० डिग्रीच्या आसपास तापतं, त्यामुळे हाडाचे तुकडे घ्या. बोनलेसचा चोथा होतो. एवढं करूनही चारातून एकदा माझा भात गिचका होतोच.

आणि मीठ. बंद झाकणाखाली चाखता येत नाही, अंदाज चुकला की चुकला. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, दात नाहीत, गिचका भात त्यांनाच आवडतो. परवा दोनदा मागून घेतला. तिसऱ्या घासाला म्हणाल्या, "मीठ कमी हाय वं."

होतंच कमी.