अ तुकडीच्या आठवणी, ड तुकडीच्या आठवणी

आमच्या अठ्ठ्याऐंशीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येऊन गेली की कुणीतरी शाळेची एक आठवण टाकतं आणि मग त्याखाली लाल बदामांची रांग. "आपली शाळा म्हणजे दुसरं घर", "सरांनी मारलं म्हणून घडलो", "तसे शिक्षक आता होणे नाही" वगैरे. वाचायला बरं वाटतं, मीही बदाम टाकते. पण मध्ये एकदा सहज वर वर स्क्रोल करत गेले आणि लक्षात आलं की ह्या आठवणी लिहिणारे जवळजवळ सगळे अ तुकडीतले आहेत, थोडे ब. ड तुकडीतले ग्रुपवर मुळात मोजकेच, आणि जे आहेत ते नुसतं वाचतात.

मी दोन्हीकडची. पाचवी ते सातवी अ, आठवी ते दहावी ड. म्हणून हे लिहितेय.

शाळा लालबाग-परळकडची, नाव लिहीत नाही, पुढे थोडं तिखट येणार आहे आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मराठी माध्यम, दोन पाळ्यांत भरणारी, मैदान नाही. पीटीचा तास गच्चीवर, नाहीतर महापालिकेच्या बागेत, तिथला माळी ओरडेपर्यंत. वर्गात बसून गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की निम्म्या वर्गाला कळायचं की बाबा आता घराकडे निघाले.

मग तो भोंगा बंद झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही चौथीत होतो, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलेले. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि चाळीत सगळे म्हणत होते महिना-दोन महिन्यांत मिटेल. तो संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. जूनमध्ये आम्ही पाचवीत आलो, एबीसीडी गिरवायला लागलो (तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासूनचं इंग्रजी २००० सालात आलं), आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकं रिकामी दिसायला लागली. हजेरी घेताना नाव पुकारलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "सर, गावी गेला." काहींनी रीतसर दाखला काढला, काही नुसतेच यायचे थांबले.

आमच्या घरी आईची खाणावळ होती. मेंबर सगळे गिरणीतले, बायकामुलं गावी ठेवून मुंबईत एकटे राहणारे. संप लांबला तसे तेही गावी गेले, महिन्याची बाकी तशीच ठेवून. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचे ते, त्याचाच आईला आधार झाला, पण मदतीला ठेवलेली बाई परवडेना. म्हणजे सकाळच्या चपात्या कुणी लाटायच्या? मी. सातवीच्या वार्षिक परीक्षेत मार्क पडायचे तेवढे पडले, आणि आमच्याकडे आठवीला मार्कांवरून तुकड्या पाडायचे, त्यात मी ड मध्ये गेले.

आता हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना पटत नाही, पण त्याच इमारतीत, त्याच जिन्यानं वर जाऊन डावीकडे वळलं की एक शाळा होती आणि उजवीकडे वळलं की दुसरी. अ ला अनुभवी शिक्षक, ड ला त्या वर्षी नवीन लागलेले, किंवा ज्यांचं हेडमास्तरांशी पटत नाही ते, किंवा ऑफ पिरियड. अ ची मुलं प्रयोगशाळेत स्वतः परीक्षानळी हातात धरायची, आम्ही मागे उभं राहून सर काय करतात ते बघायचो, तेही दिसलं तर. अ ला चित्रकलेचे सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवायचे, आम्हाला त्याच तासाला गॅदरिंगच्या पताका कापायला लावायचे. कुणी मुद्दाम वाईट वागत होतं असं नाही हं, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत एखादं नाव लागलं तर पेपरात शाळेचं नाव छापून यायचं, मग घोडे कुठले पळवायचे हे ठरलेलं.

दोन्हीकडे शिकवणाऱ्यांत एक भूगोलाच्या बाई. आणि त्या दोन्हीकडे सारख्याच, हे मी छातीठोकपणे सांगू शकते कारण मी दोन्ही तास ऐकलेत. पहिल्या दिवशी त्या पुस्तक उघडायच्याच नाहीत. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायच्या, न बघता, आणि एकेकाला उठवून विचारायच्या, "गाव कुठलं?" आणि तिथे खडूनं ठिपका. राजापूर, लांजा, देवगड, कणकवली असे कोकणात भराभर ठिपके पडायचे, मग घाटावर पाटण, खटाव, माण. सगळ्या वर्गाचे ठिपके पडले की विचारायच्या, मधल्या ह्या पट्ट्यात कुणाचंच गाव का नाही? आणि मग माणच्या मुलाला पुढे बोलवून सांगायच्या की सह्याद्री ओलांडताना ढग पाणी कसे खाली करतात आणि तुझ्या गावापर्यंत येईस्तोवर ते कसे रिकामे होतात, ह्याला म्हणतात पर्जन्यछायेचा प्रदेश, तुझ्या आजोबांनी विहीर खणली असणार, तिला पाणी लागलं नसणार, म्हणून तुझे बाबा मुंबईला आले आणि म्हणून तू आज ह्या बाकावर बसलायस. त्या मुलाचं तोंड अजून डोळ्यासमोर आहे. आणि राजापूरवाल्यांना, तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो तरी तुम्ही का आलात, हे घरी विचारून या. घरी जाऊन विचारलं तर आई म्हणाली पाऊस काय खायचा? दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं, बाई एवढ्या हसल्या, पण मग त्यांनी त्यावरच तास घेतला, डोंगरउतार, जांभी जमीन, पाणी वाहून समुद्रात जातं, हातभर तुकड्यांची शेती.

आता ग्रुपवर ज्यांचं नाव सगळ्यात जास्त निघतं ते इंग्रजीचे सर. त्यांना आम्ही 'उभी पट्टी' म्हणायचो. पट्टी आडवी मारली तर नुसता आवाज होतो, हे सर ती उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे, हिवाळ्यात तर डोळ्यातून पाणीच. ग्रुपवर ह्यांचे किस्से म्हणजे हशाच हशा. आमचा एक जण, आता मोठ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट वगैरे आहे, तो दर थोड्या दिवसांनी लिहितो की सरांच्या पट्टीमुळे मला स्पेलिंग आली. असेल बुवा. पण अ मध्ये सर मारायचे ते वही विसरली म्हणून, कधीतरी. ड मध्ये तो रोजचा कार्यक्रम होता, तास सुरू झाला की पहिली रांग उभी.

त्या रांगेतला एक जण मध्यंतरी चिंचपोकळी स्टेशनवर भेटला, नववीत शाळा सुटलेला, आता टेम्पो आहे स्वतःचा. मी आपलं उत्साहानं म्हटलं, अरे ग्रुपवर ये ना, उभी पट्टी सरांचे काय एकेक किस्से चालू असतात. तो म्हणाला, "मी त्या तासाला पोटात दुखतंय सांगून संडासात जाऊन बसायचो. वर्षभर. तो किस्सा टाकू काय?" ह्यावर मी काय बोलणार. गाडी आली, गेला तो.

आता कायद्यानं हे बंद आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम १७, शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रासही नाही, १ एप्रिल २०१० पासून लागू. ग्रुपवर ह्यावर एकदा केवढं वाजलं, हल्लीची मुलं लाडावलीत म्हणे. मला नाही पटत. मारामुळे जे घडले ते माराशिवायही घडले असते, घरी अभ्यास घेणारं माणूस होतं त्यांच्या. ज्यांची शाळा त्या पट्टीनं सुटली ते सांगायला इथे नाहीतच, म्हणून हिशोब नेहमी पट्टीच्याच बाजूनं लागतो.

आणि तरी, गंमत बघा, हेच सर संध्याकाळी शाळा सुटल्यावर ऑफिसात बसून ईबीसीचे फॉर्म भरून द्यायचे. ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ, पण त्याला वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा लागतो, आणि संपावरच्या माणसाचं उत्पन्न लिहायचं किती? शून्य लिहिलं तर क्लार्क म्हणणार मग खाता काय. जुना पगार लिहावा तर तो मिळतच नाही. सरांनी अशा कित्येक घरांची पत्रं स्वतःच्या अक्षरात लिहिली, लोकांना तलाठी-तहसीलदार काय ते समजावून सांगितलं, माझ्या बाबांचंही पत्र त्यांनीच लिहिलं. म्हणजे मला त्यांचा राग धड करता येत नाही आणि माफही करता येत नाही. त्या टेम्पोवाल्याचाही फॉर्म त्यांनीच भरला होता बहुतेक.

आता गणिताचे सर. अ तुकडी त्यांना ओळखतच नाही कारण त्यांनी हेडमास्तरांकडून ड मागून घेतली होती, असं शिपाईमामा सांगायचे. बुटके, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, आवाज बारीक. शेकडेवारी शिकवताना त्यांनी फळ्यावर फक्त ८.३३ एवढं लिहिलं आणि विचारलं, हा आकडा घरी कुणी ऐकलाय? अख्खा वर्ग हात वर! बोनस! संपाच्या आधीपासून घराघरात दुसरं बोलणंच नव्हतं, कायद्यानं कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. मग सर म्हणाले, नऊ नाही, आठ नाही, हे मधलंच ८.३३ कुठून आलं? कुणालाच माहीत नाही. मग त्यांनी शंभराला बारानं भागायला लावलं. आठ पूर्णांक तीन तीन तीन, संपतच नाही. वर्षाचे बारा महिने, त्यातल्या एका महिन्याचा पगार. म्हणजे ८.३३ टक्के बोनस म्हणजे एक जादा महिना. त्या दिवशी मी घरी जाऊन हे बाबांना सांगितलं, ज्यांनी आयुष्यभर बोनस घेतला होता, आणि त्यांनी मला कागदावर परत करून दाखव म्हणून सांगितलं.

ह्याच सरांनी एकदा गणित बाजूला ठेवून केळुसकर गुरुजींची गोष्ट सांगितली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलमध्ये शिकवायचे, शिवचरित्र लिहिणारे. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचे तर तिथे एक मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचत बसलेला. तो मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, म्हणजे ह्यांच्या शाळेचाही नाही. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी आपलं स्वतःचं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे ते आपल्या परळच्याच बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले हे आम्हाला माहीत होतं, बागेतले गुरुजी माहीत नव्हते. सर एवढं सांगून म्हणाले, चला, उदाहरणसंग्रह तेरा काढा.

पीटीच्या सरांचं एकच सांगते. फेब्रुवारी १९८८, आमची प्रिलिम झालेली, जादा तासांना शाळेत यायचो. सरांनी पेपर हातात घेऊन वर्गात येऊन वाचून दाखवला, शाळांच्या क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ ची भागीदारी केली, कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. आमच्याच वयाची पोरं, दादर काय लांब आहे इथून? सगळे ओरडत होते. सर मात्र पेपरची घडी घालत म्हणाले, आपल्या गच्चीवर सिक्सर मारला तर बॉल कुणी आणायचा. ड ची पोरं ह्यावर जास्त हसली.

तर आता विषय असा की डिसेंबरात गेट-टुगेदर ठरतंय, आणि त्यात जे हयात आहेत त्या शिक्षकांचा सत्कार, शाल-श्रीफळ. कमिटीनं यादी टाकली. भूगोलाच्या बाई आहेत, छान. उभी पट्टी सर आहेत, सगळ्यात वर. मी लिहिलं की गणिताच्या सरांचं नाव राहिलं. तर खाली एकामागून एक मेसेज, "कोण गं?", "आपल्याला तर दुसरे होते ना गणिताला", आणि एकानं तर विचारलं की तू नक्की आपल्याच शाळेत होतीस ना. मी त्याला लिहिलं, उजवीकडे वळायचं होतंस रे कधीतरी. त्यावर बदाम आले, कळलं कुणाला किती देव जाणे.

सर संपाच्या सुमारास लागले तेव्हा तिशीचेच असतील, म्हणजे अजून हयात असायला हरकत नाही. रिटायर झाल्यावर डोंबिवलीकडे गेले एवढंच जुन्या शिपाईमामांच्या मुलाकडून कळलंय, त्याच्याकडे पत्ता नाही. ड तुकडीतल्या कुणी हे वाचलं आणि सरांचा नंबर किंवा पत्ता असेल तर मला कळवा, इथे जाहीर टाकू नका, मेसेज करा. सर सापडले आणि कमिटीनं काय म्हटलं तरी शाल मी आणणार आहे. आणि तुम्हीही या, पोरं-बाळं घेऊन या, टेम्पोवाल्याला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. फक्त येणार की नाही ते लवकर सांगा, केटररला आकडा द्यायचाय.