आमची वाटचाल : ब्रिनेलच्या खड्ड्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची धातू तपासणीची लॅब सुरू झाली ती एका ब्रिनेल मशीनवर, म्हणजे धातूचा कठीणपणा मोजणाऱ्या यंत्रावर. १० मिमीची गोळी, ३००० किलोचा भार, १० ते १५ सेकंद धरायचा, मग खड्ड्याचा व्यास काटकोनात दोनदा मोजायचा. पण ग्रे आयर्न आणि एस.जी. आयर्न ही ओतीव लोखंडाची दोन रूपं, आणि दोन्ही २०० बीएचएनला (ब्रिनेल कठीणपणाचा आकडा) बसू शकतात. पहिल्यात ग्रॅफाइट (लोखंडातला सुटा कार्बन) चपटं, ते लोखंड फारसं न ताणता तुटतं. दुसऱ्यात गोल, ते लोखंड ताण सोसतं. हा फरक खड्ड्यात दिसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं एस.जी.चं काम येऊ लागलं तसा सूक्ष्मदर्शक घेतला.

सॅम्पल आम्ही लॅडलमधून (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) भरलेल्या शेवटच्या मोल्डचं, म्हणजे साच्याचं, मागतो. वेळ जाईल तसं ग्रॅफाइटला गोल करणारं मॅग्नेशियम उडत जातं आणि ती गोलाई आधी तिथंच बिघडते. कापताना पाणी भरपूर सोडायचं. कड तापून निळी पडली तर तेवढा भाग घासून काढायचा. मग घासायचे पेपर, जाड ते बारीक : १२०, २२०, ४००, ६००, ८००, १०००. दर पेपरला सॅम्पल ९० अंशात फिरवायचं आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढं जायचं नाही. मध्ये हातही धुवायचे, कारण २२० चा एक कण १००० वर आला की मेहनत वाया. नंतर कापडावर ६ आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. इथं जोर जास्त लागला तर ग्रॅफाइट निघून येतं आणि खड्डा उरतो. नीट पॉलिश झालेलं ग्रॅफाइट राखाडी दिसतं, खड्डा काळाकुट्ट. तो ग्रॅफाइट म्हणून मोजला की चांगलं कास्टिंग नापास होतं.

गोलाई एचिंगआधीच (ॲसिडनं पृष्ठभाग किंचित खाऊन रचना उघडी करण्याआधी) १०० पटीवर बघायची. मग २ टक्के नायटल : ९८ मिली अल्कोहोलमध्ये २ मिली नायट्रिक, ॲसिड नेहमी अल्कोहोलमध्ये हळूहळू. ५ ते १० सेकंद पुरतात. मग लोखंडातली रचना दिसते : पर्लाइट (फेराइट आणि कार्बाइडचे थर) काळं, फेराइट (मऊ लोखंड) पांढरं. जास्त वेळ ठेवलं तर पर्लाइटची टक्केवारी फुगते. अल्कोहोलनं धुऊन लगेच गरम हवेनं वाळवायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर सॅम्पल सिलिका जेलच्या डब्यातच, नाहीतर गंज येतो.

नायटलमध्ये कार्बाइडही (लोखंड आणि कार्बनचं कठीण संयुग) पांढरंच राहतं आणि फेराइट समजून सुटतं. म्हणून पुढं मायक्रो व्हिकर्स आणलं, म्हणजे अगदी बारीक जागेचा कठीणपणा मोजणारं मशीन. कार्बाइड कठीण, म्हणून त्यावर ठसा अगदी लहान उमटतो.

ऑस्टेम्पर (एक खास उष्णता प्रक्रिया) केलेल्या एस.जी.मधलं शिल्लक ऑस्टेनाइट (लोखंडाची एक रचना) मोजायला एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी रचना ओळखणारं तंत्र, लागतं. ते मशीन आमच्याकडे नाही, सॅम्पल बाहेर जातं. मात्र घासताना दाब पडला की पृष्ठभागावरचं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट (दुसरी, कठीण रचना) होतं आणि आकडा कमी येतो. म्हणून शेवटची पॉलिश आम्हीच करून देतो.