अर्ध्या राहिलेल्या लेण्यात काय बघता?

अजिंठ्याला कुणासोबतही गेले, की हा प्रश्न येतोच. पहिल्या आणि सतराव्या लेण्यात चित्रं असताना चोविसाव्यात उभी राहून नुसत्या दगडाचे शंभर शंभर फोटो कसले काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पूर्ण झालेल्या लेण्यात खोदणारा माणूस दिसत नाही. भिंतीवर मातीचा गिलावा चढला, वर चुन्याचा हात फिरला, चित्रं आली, आणि टाकीचे घाव त्याखाली गेले. २४व्या लेण्याचं तसं झालं नाही. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तिथे अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक व्हायचा होता. काम मध्येच थांबलं, म्हणून कामाची रीत उघडी राहिली. लांब गल्ल्या खोदत आत शिरायचं, मधे जाड भिंती ठेवायच्या, मग त्या फोडत खांबापुरता दगड राखायचा. ५व्या लेण्यात तर आत जेमतेम सुरुवात झालीय आणि दाराची चौकट मात्र नक्षीसकट तयार आहे. म्हणजे नक्षी करणारे आतलं खोदकाम संपायची वाट बघत बसले नव्हते.

हे डोळ्यांना दिसतं. टाकीच्या रेघा मात्र सहज दिसत नाहीत. उजेड समोरून पडला की त्या सपाट होऊन जातात. आत फ्लॅश चालत नाही, आणि चालूही नये. तिवई लावायची तर परवानगी लागते. म्हणून दारापाशी, जिथवर दिवसाचा उजेड पोचतो तिथवर, मी मोबाइलने फोटो काढते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा यायला हवा, आणि मापासाठी खाली जमिनीवर एक पट्टी ठेवलेली. घरी मेशरूम नावाची मोफत संगणकप्रणाली त्या फोटोंतून भिंतीचा उंचसखलपणा उभा करते. मग पडद्यावरच्या त्या भिंतीचा रंग काढून टाकायचा आणि तिच्यावर उजेड पाडणारा पडद्यावरचाच खोटा दिवा अगदी खाली, बाजूला न्यायचा. दिवस कलताना नांगरलेल्या शेतातली ढेकळं जशी एकेक उठून दिसतात, तशा रेघा वर येतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही.

पण त्यातलं सगळंच खरं नव्हतं. एका भिंतीवर फार सुरेख लाटा दिसल्या. पुढच्या खेपेला जाऊन बघते तर तिथे तसं काहीच नाही. कमी उजेडातले फोटो हलले होते आणि उरलेली जागा संगणकाने आपल्या मनाने भरली होती. तेव्हापासून एकच भिंत दोन वेगळ्या दिवशी टिपते, आणि दोन्हीकडे दिसेल तीच रेघ धरते.

रेघा दिसल्या तरी वाचता येत नव्हत्या. त्या शिकवल्या आमच्याकडच्या एका पाथरवट मामांनी. पूर्वी दारोदार जात्यांना, पाट्यांना टाकी लावून द्यायचे ते. मी छापून नेलेल्या चित्रावर बोट फिरवत म्हणाले, "हितं टाकी बोथट झालीय बघ. आन् हितनं परत धार लावून आणलीय." बघितलं तर खरंच: रेघा हळूहळू रुंद होत गेलेल्या आणि मग एकदम बारीक. मला शंका होती. घाव हलका पडला तरी रेघ बदलू शकते. तेव्हा मामांनी अंगणातल्या काळ्या दगडावर टाकी बोथट होईपर्यंत चालवली, भट्टीत तापवून ठोकून धार काढली आणि पुन्हा चालवली. त्या दगडाचे मी तसेच फोटो काढले. तीच चढण, तोच तुटक बदल.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लोखंड खातो. म्हणजे या डोंगरात कुठेतरी भाता सतत चालू होता, कोळसा येत होता, बोथट टाक्या जात होत्या, धारदार परत येत होत्या. १६व्या लेण्याच्या शिलालेखात हरिषेणाचा मंत्री वराहदेव आहे, २६व्यात भिक्षू बुद्धभद्र आहे. टाकीला धार लावणाऱ्या लोहाराचं नाव त्यांत नाही. त्याचं काम मात्र भिंतीवर आहे, दोन रेघांच्या रुंदीतल्या फरकात. मला त्या फरकाची ओढ लागली आहे. शिलालेख वाचताना जसं अक्षर लागलं की जीव थाऱ्यावर येतो, तसंच इथे होतं.

मामांनी शेवटी विचारलं, "त्यांची टाकी केवढी लांब होती गं?" त्याचं उत्तर सपाट भिंतीवरच्या रेघेत मिळत नाही. पण कोपऱ्यात हातोडा फिरवायला जागा कमी. तिथे टाकीची लांबी आणि हाताची फेक दोन्ही मावायला हवीत, आणि नाही मावली तर घावाचा कोन बदलणारच. म्हणून सध्या मी कोपऱ्यांचे फोटो काढते आहे.