मनगटावरचा अर्धविराम

मराठी लेखकांना अर्धविरामाचं वावडं असतं. हयात मुद्रितं, म्हणजे छपाईची प्रूफं, तपासण्यात गेल्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकते. स्वल्पविराम मूठमूठ पेरतील, उद्गारचिन्हं तीन-तीन ठोकतील, पण अर्धविराम म्हटला की हात आखडता. त्यामुळे माझ्या भाचीने डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धविरामाचा टॅटू काढून घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा जो आनंद झाला तो निव्वळ धंद्यातला होता.

ताईला मुळीच झाला नाही. "काढायचाच होता तर ओम काढायचा, गणपती काढायचा. हे काय, टिंब आणि शेपूट!"

या टिंब-शेपटाची गोष्ट अमेरिकेतली. विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या एमी ब्लूएल हिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. त्यांच्या स्मरणार्थ तिने २०१३ साली अर्धविरामाची चळवळ सुरू केली. लेखकाला वाक्य तिथेच संपवता आलं असतं, पण त्याने पूर्णविराम न देता पुढे लिहायचं ठरवलं. लेखक तुम्ही आणि वाक्य तुमचं आयुष्य, अशी तिची मांडणी. नैराश्यातून वर आलेल्या, किंवा अजून येत असलेल्या कितीतरी जणांनी ते चिन्ह अंगावर घेतलं. पुढे २०१७ साली एमीनेच आपलं आयुष्य संपवलं. भाचीला हे ठाऊक होतं. सुई टोचून घेण्याआधीच ठाऊक होतं आणि तरी तिने हेच चिन्ह निवडलं, याचं मला मोल वाटतं. तिचा तो मधला काळ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच त्याचा विषय काढत नाही. मीही काढला नाही. मी आपली चष्मा लावून तिचं मनगट तपासलं. टिंब जरासं पसरलेलं, शेपूट टोकाला छान बारीक.

"पण हा उलटा आहे गं," मी म्हटलं.

"तुला उलटा. मला सुलटा."

काढणाऱ्यानेही म्हणे तिला हेच सांगून पाहिलं होतं. हात खाली सोडला की बघणाऱ्याला चिन्ह सरळ दिसलं पाहिजे, अशी त्या लोकांची रीत असते. ही ऐकेना. समोरच्याला मग वर शेपूट आणि खाली टिंब दिसतं. बँकेतल्या एका बाईंनी तिला विचारलं, "उद्गारचिन्ह का गं काढलंस?"

हे सांगून भाची मला म्हणाली, "मावशी, लोकांनी वाचायला नाहीच आहे तो."

आमच्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं होतं. तिचं तिला ते आरशाशिवाय दिसायचं नाही. आणि आजी आरशात बघायची ती कुंकू लावण्यापुरती. हातावर तुळशीवृंदावन होतं. तुळसच का, असं आम्ही विचारलं असतं तर ती हसली असती. जत्रेत गोंदणारी बाई बसलेली, आईने हात पुढे करायला लावला, संपलं. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं मात्र ती पक्कं सांगायची. निवड तिची नव्हती म्हणून गोंदण तिचं नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण भाचीला स्वतःकडे तोंड केलेली खूण हवी होती आणि ती तिने हट्टाने तशीच काढून घेतली, हे मला आवडलं.

बाकी ही खूण तरी आपल्याकडची कुठे? मोडीत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, तिथे विरामचिन्हं कुठली! ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून आली आणि मराठीत रुजवण्याचं श्रेय कोशकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. ग्रीक भाषेत तर हेच चिन्ह प्रश्नचिन्ह म्हणून वापरतात, त्यामुळे एखादी ग्रीक बाई भाचीला विचारील, "प्रश्न काय आहे?"

ताईचा शेवटचा मुद्दा होता की शाई कधीतरी फिकी होणारच. होईल थोडी. पण ती राहते कशी, हेच मुळात मजेशीर आहे. कातडीतल्या काही पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्या मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे खूण दिसते तीच, सांभाळणाऱ्या पेशी मात्र बदलत राहतात. ताईला हे ऐकवलं तर म्हणाली, "म्हणजे जाणारच नाही का?"

भाचीने मलाही आग्रह केला. मी काय काढून घेईन, याचा मी थोडा विचारही करून ठेवला आहे. मुद्रितशोधनात एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं, नको, राहू दे, तर त्या खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे असतात. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी ते बघून शब्द तसाच ठेवायचा. मला ते ठिपके हवेत. एका ओळीत चार-पाच, कोपराच्या जरा खाली.

"आणि वर खोडलेलं काय?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, "ते तुला कशाला सांगू? लोकांनी वाचायला नाहीच आहे ते."