इंदूरची महापौर निवडणूक आणि आमची मतदारयादी

विधानसभेच्या यादीत नाव असले की महापालिकेचेही काम झाले, अशी आमच्याकडे अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात महापालिकेसाठी राज्य निर्वाचन आयोग वॉर्डनिहाय वेगळी यादी तयार करतो. रामबागेतून सुदामानगरात राहायला आल्यावर विधानसभेच्या यादीतील पत्ता आम्ही बदलून घेतला होता. तरीही २०२२ मध्ये महापालिकेच्या प्रारूप यादीत आम्हा तिघांची नावे जुन्याच वॉर्डात निघाली. दावे-हरकतींच्या मुदतीत वीजबिलाच्या प्रती जोडून एकसारखे अर्ज दिले. अंतिम यादीत माझे व यजमानांचे नाव नव्या वॉर्डात आले, सासूबाईंचे मात्र रामबागेतच राहिले. कारण विचारले, उत्तर मिळाले नाही.

एवढा खटाटोप करण्यासारखी ती निवडणूक होती. आधीच्या परिषदेची मुदत २०२० मध्ये संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता, आणि महापौर पार्षदांनी (नगरसेवकांनी) निवडावा की जनतेने, हेही मे २०२२ च्या अध्यादेशापर्यंत अनिश्चित होते. मावळत्या महापौर मालिनी गौड रिंगणात नव्हत्या. भाजपने पुष्यमित्र भार्गव यांना, तर काँग्रेसने तेव्हाचे आमदार संजय शुक्ला यांना उभे केले. त्यामुळे हिशेब मागायचा तो व्यक्तीकडे नव्हे, २००० पासून महापौरपद राखणाऱ्या पक्षाकडे, म्हणजे भाजपकडे. आणि स्वच्छतेत २०१७ पासून सलग पहिल्या आलेल्या शहरात आव्हान देणाऱ्याचे काम सोपे नव्हते. माझ्या मते ड्रेनेज आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते यांवर प्रचारात जितके बोलायला हवे होते, तितके कोणी बोलले नाही.

६ जुलैला आम्ही दोघांनी सकाळीच सुदामानगरात मतदान केले. प्रत्येकाला दोन मते द्यायची होती, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी. सासूबाईंना रिक्षाने रामबागेत नेले. महापौराचे मत शहरात कुठूनही दिले तरी त्याच उमेदवारांना जाते, हे त्यांना पटत होते. पण ज्या वॉर्डात आपण राहत नाही तिथला पार्षद आपण का निवडायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. तरी, "नळाचं पाणी कोणी आणलं ते मला ठाऊक आहे," असे म्हणून त्यांनी दोन्ही मते दिली.

१७ जुलैच्या मतमोजणीत भार्गव एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्यानंतर सासूबाईंचे नाव बदलण्यासाठी आम्ही पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी त्याची पोच मागून घेतली.