शेवटच्या सायकलच्या हिशेबाने आखलेली राइड

आमच्या क्लबची ही ग्रुप राइड ६० किलोमीटरची होती, सगळी आडरस्त्यांनी. सुरुवातीला सपाट डांबरी रस्ता, मग शेतांमधून जाणारा कच्चा पट्टा आणि परतीला एक लांब चढ. एवढं अंतर पहिल्यांदाच मारणारे काही जण सोबत होते. तरीही सगळे एकत्र परतलो आणि कुणी मध्येच सोडून दिलं नाही. याचं कारण एकच: आखणी सर्वांत हळू चालवणाऱ्याला धरून केली होती. असा ग्रुप घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

उजाडता उजाडता निघालो. त्या वेळी वारा बहुधा पडलेला असतो आणि सपाटीवर खरी झुंज हवेशीच असते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलं तर चांगल्या वेगात पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणूनच नवख्यांना रांगेच्या शेवटी ठेवू नका. शेपटाला असलेल्याला प्रत्येक वळणानंतर तुटलेलं अंतर भरून काढायला जोर मारावा लागतो आणि त्यातच तो संपतो. आम्ही त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवलं, पुढे एकसारखा वेग धरणारा अनुभवी माणूस आणि सगळ्यात मागे पंप व अवजारं घेतलेला स्वीप. सहा-सहा जणांच्या तुकड्या केल्या, मध्ये मोकळी जागा सोडली. मागून येणाऱ्या गाडीला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येतं.

खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा आणि तो इशारा प्रत्येकाने मागे पोचवायचा. मागच्याला समोर फक्त पाठ दिसत असते, रस्ता नाही. गुरं आडवी आली तेव्हा मात्र घंटी न वाजवता वेग कमी केला. बिचकलेलं जनावर कुठे उधळेल याचा नेम नसतो.

कच्च्या पट्ट्यावर सकाळ खरी खुलली. दोन्ही बाजूंना दंवाने ओली पिकं, ओल्या मातीचा वास आणि टायरखाली खडीची करकर! इथे हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, वळणाआधीच वेग कमी करा आणि वळणात ब्रेक दाबू नका. हवेचं म्हणाल तर २८ मिलिमीटरचा टायर आणि ७० किलोच्या आसपासचा स्वार असेल तर ७० ते ८० पीएसआय पुरते; अशा रस्त्यासाठी पाच-सात कमी ठेवली तर हातांना हादरे कमी बसतात.

याच पट्ट्यात एक पंक्चर झालं. आमच्यातल्या एकीने नवी ट्यूब घालायची घाई केली नाही. आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधलं, व्हॉल्व्हपासून ते किती लांब आहे हे मोजलं आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर आतून बोट फिरवलं. काट्याचं टोक नखाला जेमतेम जाणवत होतं, डोळ्यांना दिसतच नव्हतं. टायर उलटा वाकवल्यावर ते वर आलं आणि चिमट्याने निघालं. ते राहिलं असतं तर नवी ट्यूबही गेली असती. स्वीपच्या पिशवीत चिमटा हवाच.

चढावर रांग मोडली आणि ती मोडू द्यावी. कमी वेगात पुढच्याच्या आडोशाचा फायदा जवळपास उरत नाही. दुसऱ्याच्या वेगाने चढलं तर फक्त दम लागतो. हलका गिअर घ्या, पाय फिरते ठेवा. माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं, हे निघतानाच ठरलं होतं. पण अनेक ग्रुपमध्ये शेवटचा पोचला रे पोचला की बाकीचे निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे शेवटचा पोचल्यापासून पाच मिनिटं मोजली जातात. तो पाणी पितो, पाय मोकळे करतो, मग तोच ‘चला’ म्हणतो.

पाण्याचं सांगायचं तर तहान लागायची वाट पाहू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. उतारावर दोन सायकलींमधलं अंतर भरपूर वाढवा.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून काढा. तेलकट चेनला धूळ चिकटते आणि दाते झिजवते.